पाटीमास्तर आणि दुधाची वही

प्रेमाचा संदेश इतक्या रागानं सांगणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. शेजाऱ्यावर माया करावी, एवढी साधी गोष्ट आमचे मास्तर अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याचा शेजारी बिऱ्हाड हलवायच्या विचाराला लागे. क्षमेवर बोलू लागले की गल्लीतली कुत्री पांगत. एकदा ढोकीच्या बाजारात त्यांनी शांतीवर चार शब्द काढले, तर उसाच्या गाडीचे बैल जू टाकून पळाले. असं मी तरी आजवर सगळ्यांना सांगत आलोय, आणि बैलांनी ते खोडून काढलेलं नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. गावोगावी त्यांना पाटीमास्तर म्हणत, तेवढं पुरे. निजामाचा अंमल जाऊन काही वर्षं झाली होती, कचेऱ्यांतली उर्दू निघून मराठी येत होती, आणि अर्ध्या कारकुनांना दोन्ही येत नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. मास्तर आणि मी एकाच ख्रिस्ती मिशनचे नोकर. ते प्रचारक, मी दिवेवाला. साहेबांची जीप गावात शिरली की दोन बांबूंमध्ये पांढरी चादर ताणायची, यंत्रात काचेवरची रंगीत चित्रं सरकवायची, भोंग्यावर गाणं लावायचं, हे माझं काम. भोंगा असा जबर होता की आम्ही तुळजापुरात तो तपासून बघितला तर सोलापूरच्या मोटारी घाटातच थांबल्या. लोक तोबा गर्दी करायचे. चित्रं बघायचे, तिसऱ्या चित्राला साहेब रडायचे ते बघायचे आणि घरी जायचे. साहेबांचं रडणं फार नेमकं होतं. चित्र सरकायला उशीर झाला तर ते डोळ्यांत पाणी धरून थांबत.

साहेब म्हणजे आमचे मिशनचे वरिष्ठ, कुणी गोरा माणूस नव्हे. आपल्यातलेच, शहरातले, इस्त्रीच्या कपड्यातले. पण त्यांना सगळं झटपट लागे. वरच्या कमिटीला दर तिमाहीला कळवावं लागायचं, किती गावं, किती श्रोते, किती नवे शोधक. शोधक म्हणजे ज्याला आपला धर्म जाणून घ्यायचाय तो. साहेबांच्या कागदावर धाराशिव जिल्ह्यात इतके शोधक झाले होते की काही दिवसांनी शोधायला माणूस उरला नसता.

मास्तरांची तऱ्हा निराळी. पाठीवर पोतं, पोत्यात पाट्या. शाळांनी टाकून दिलेल्या, कोपरे फुटलेल्या, काही तर चौकटीविना नुसते दगड. गावात आले की कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे, समोरच्याला विचारायचे, "वाचता येतं?" तो नाही म्हणाला की पाटी त्याच्या मांडीवर आदळायची. येशूचं नाव नाही, देवाची गोष्ट नाही, गाणं नाही. आधी त्याचं स्वतःचं नाव लिहायला शिकवायचे. दुसरा शब्द शिकवायचे "नाही". जगातल्या सगळ्या शाळा अननस आणि आगगाडीपासून सुरू होतात, यांची शाळा नकारापासून. मी एकदा विचारलं, मास्तर, हे काय उलटं? तर माझ्यावरच उखडले. ज्याला "नाही" लिहिता येत नाही त्याचं "होय" घेऊन काय करू, म्हणाले, लोणचं घालू?

शिकवताना ओरडायचे तर किती. "अरे दगडा, तो काना आहे, खुंटी नव्हे, त्याला टोपी टांगू नको." म्हाताऱ्या माणसांनाही तसंच. पण चुकलेल्याला तोच शब्द चाळीस वेळा सांगायला त्यांना कंटाळा नव्हता, आणि गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. माणूस अस्खलित वाचू लागला की मास्तर पोत्याच्या तळातून एक बारीक शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, काढायचे, त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि उठून जायचे. मग त्यानं आपणहून येऊन काही विचारलं तरच तोंड उघडायचं. आणि विचारणारे निघाले किती? अकरा वर्षांत एकच खऱ्या अर्थानं आत आला, तोही पुढं गिरणीत लागून सोलापूरला गेला. बाकीचे वाचायला शिकले आणि कुणी घरात पोथी लावली, कुणी मोटारीवरच्या पाट्या वाचू लागले, एकानं तर सरपंचाच्या भावाचा घोटाळा नोटीस बोर्डावर वाचून काढला आणि मास्तरांच्या नावानं गावात भांडण पेटवलं.

या अकरा वर्षांवरून साहेब त्यांना सभेत सोलून काढायचे. तुमच्या वेगानं चाललो, मास्तर, तर प्रभू दुसऱ्यांदा येऊन परत जाईल तरी आपली एक आळी व्हायची नाही. आम्ही सगळे हसायचो. मी जास्त, कारण साहेब माझ्याकडं बघून बोलायचे. एकदा मास्तर उठून म्हणाले, "तुमच्या चादरीवर सगळं दिसतं, साहेब. म्हणून कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही." आणि बसले. साहेबांना हे कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुष्कळ वर्षं कळलं नाही.

तिसरी तऱ्हा कागदांची होती, तीही साहेबांचीच. पुनवेला तुळजापूरच्या मोटार स्टँडवर भाविकांची झुंबड उडाली असताना आम्ही चोपड्या आणि पत्रकं फुकट वाटली. अर्ध्या तासात एवढा ढीग संपला की साहेबांना वाटलं, जिल्हा पालटला. दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा विकणारे सगळेजण त्याच कागदांच्या पुड्या बांधत होते. मास्तर तिथं पोचले आणि एकेका शेंगवाल्याकडची पुडी न् पुडी त्यांनी विकत घेतली. बरं, शेंगा फेकून देणं त्यांच्या तत्त्वात बसेना, अन्नाचा अपमान. म्हणून सगळ्या खाल्ल्या. किती? मी म्हणतो अकरा शेर. आमची मंडळी म्हणते दोन. मधला आकडा तुम्ही धरा. खात जायचे, टरफलं बाजूला करायचे, कागद मांडीवर हातानं सपाट करायचे आणि मिशनला शिव्या घालायचे. पुढं तीन दिवस पोट धरून पडले होते. मी बघायला गेलो तर अंथरुणातून गरजले, की लोकांनी फुकटचं वाचलं नाही याचं मला काही नाही, पण वाटणाऱ्यानंही ते वाचलेलं नाही.

वाटणाऱ्यांत मीही होतो.

इतका राग त्या माणसात आला कुठून, ते मला एकदाच कळलं. नळदुर्गाच्या रस्त्यावर जीपचं चाक बदलायला ड्रायव्हर बसला होता आणि आम्ही दोघं बाभळीखाली उभे. काही न विचारता मास्तर सांगू लागले. त्यांचा बाप निजामाच्या काळात एका दुष्काळी वर्षी धान्य आणायला मिशनच्या आवारात गेला. एका कागदावर अंगठा लावला, धान्य घेतलं, घरी आला. वर्षानं कुणी विचारायला आलं की नाताळाला का आला नाहीस. तेव्हा त्या माणसाला कळलं की आपला धर्म बदललाय. भावकीला त्याच्या आधीच कळलं होतं. विहिरीवरच्या बायांनाही. एकट्या त्यालाच माहीत नव्हतं.

"बाप अंगठ्यानं ख्रिस्ती झाला," मास्तर म्हणाले. "मी वाचून झालो. बावीस वर्षांचा होतो. कुणी सांगितलं नाही, कुणी काही दिलं नाही. ज्यांनी माझ्या बापाला फसवलं, त्यांच्याच घरात मला देव भेटला. आता याचा राग काढू कुणावर?"

ड्रायव्हरनं चाक बसवलं. आम्ही जीपमध्ये चढलो. त्या दिवशी मास्तर कुणावरच ओरडले नाहीत, आणि मला भीती वाटली.

मग ते कोरडं वर्ष आलं. त्या साली तामलवाडीच्या आसपासच्या विहिरींत पाण्याऐवजी नुसता आवाज होता. पोरांच्या मांड्या कातडीच्या पिशव्यांसारख्या लोंबत होत्या. याच्यात मी काही वाढवून सांगत नाही. परदेशातून दुधाच्या भुकटीचे डबे आले. जातधर्म न बघता कुपोषित पोरांना द्यायचे, असा त्याबरोबरचा हुकूम होता आणि तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला होता. साहेबांनीही वाचला होता. पण साहेबांचं डोकं. त्यांनी एक जाड वही आणवली. डबा घेणाऱ्यानं वहीत अंगठा लावायचा. आणि पानाच्या माथ्यावर मजकूर असा, की आम्ही खाली अंगठा करणारे आपल्या खुशीनं प्रभूच्या मार्गाची दीक्षा घेऊ इच्छितो. मजकूर लिहिला कुणी? मिशनमध्ये ज्याचं अक्षर मोत्यासारखं होतं त्यानं. साहेब म्हणाले, बारीक काढा. मी त्यांनी सांगितलं त्याहून बारीक काढलं.

सहा गावं झाली. सहा गावांत निळ्या अंगठ्यांची पानंच्या पानं भरली. साहेब जीपमध्ये गाणं गुणगुणू लागले. सातवी एक वाडी होती, तामलवाडीच्या पुढं, मास्तरांनी जिथं तीन पावसाळे पाट्या आपटल्या होत्या ती. साहेबांनी मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं, म्हणजे काम कसं करतात ते बघतील. लिंबाखाली टेबल मांडलं. डबे उतरवून ठेवले. पहिला आला तो हातभर मिशांचा एक गडी. मी शाईची गादी पुढं केली. त्यानं ती बाजूला सारली, वहीवर वाकला आणि मोठ्यानं वाचू लागला.

कसं वाचत होता म्हणून सांगू. शंभर हात खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसं एकेक अक्षर. आ... म्ही... खा... ली. माझं ते मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी इतकं लांबलं की मला वाटलं आपण महिनाभर उभे आहोत. सगळी वाडी ऐकत होती. शेवटचा शब्द वर आला तसा त्यानं मान उचलून मला विचारलं, "दीक्षा म्हंजी धरम सोडायचा व्हय वो?"

मी आभाळाकडं बघितलं. ढग नव्हता.

त्यानं माझ्या हातातून टाक घेतला आणि अंगठ्याच्या जागी स्वच्छ, वळणदार "नाही" काढलं. त्याच्या मागच्या दोघांनीही. काना अगदी सरळ, टोपी न टांगलेला. साहेबांनी वही ओढून घेतली. ज्यांचं नाव नाही त्यांना डबा नाही, असं म्हणाले. मग लोकांकडं पाठ करून मास्तरांना म्हणाले, की हे तुमचं काम. पोरं उपाशी मरतील ती तुमच्या पाट्यांनी.

मास्तर लिंबाच्या बुंध्याशी उभे होते. लाल झाले होते. मला वाटलं आता लिंबाला आग लागते. पण ते बोलायच्या आत बसव्वा पुढं आली.

बसव्वा त्या वाडीतली म्हातारी. लिंगायताच्या घरची, अर्धी कानडी बोलणारी, पन्नाशी उलटल्यावर मास्तरांकडं वाचायला शिकली होती. लेक बाळंतपणात गेलेली, तिचा दीड वर्षाचा नातू कडेवर. पोराची मान सरळ राहत नव्हती. बसव्वानं साहेबांच्या हातातल्या वहीचं पान वाचलं, भरभर, कारण ती मास्तरांची सगळ्यात हुशार विद्यार्थीण होती. आणि टाकासाठी हात पुढं केला.

"बसव्वाबाई," मास्तर म्हणाले, "काय लिहिलंय ते कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की."

"तुम्हाला ते हवंय?"

"न्हाय. दूध हवंय."

"मग खोटं लिहू नका." हे त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की पोर दचकून रडायला लागलं. रडणंही कसलं, मांजराच्या पिलासारखं.

बसव्वानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिचा आवाज चढला नाही. "मास्तर, तुमीच शिकिवलं म्हनून म्या ह्ये वाचलं. आता तुमीच सांगा. तुमचा देव माज्या खोट्यावर चिडंल, का ह्या पोराला उपाशी ठिवल्यावर चिडंल?"

मास्तरांचा चेहरा मी पाहिला. अकरा वर्षं त्यांनी लोकांना नाही म्हणायला शिकवलं, आणि भुकेल्या माणसाला "नाही" परवडत नाही, हे त्यांच्या पाटीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांचा राग तिथल्या तिथं उलटा फिरून त्यांच्याच अंगावर आला. मला ते दिसलं.

मग ते टेबलाशी आले. साहेबांच्या हातातून वही काढून घेतली, साहेबांना कळायच्या आत. माझ्या त्या मोत्यांवर एक आडवी रेघ ओढली, अशी की खालची तीन पानं फाटली. आणि वर मोठ्या, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, "आम्हाला दूध मिळालं." वही बसव्वापुढं ठेवली.

"हे खरं आहे," म्हणाले. "यावर करा सही."

तिनं सही केली. मग मिशावाल्यानं केली, आपलं "नाही" खोडून. मग सगळ्या वाडीनं. साहेब मध्येच ओरडत होते, डबे गाडीत भरा. पण बाया जाऊन डब्यांवर बसल्या, आणि बाईमाणूस बसलेला डबा उचलायचा कसा, हे साहेबांच्या कमिटीनं कुठं लिहून दिलं नव्हतं. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं. उद्या नवी वही घेऊन येतो. तोवर एकही डबा फोडायचा नाही, फोडलात तर चोरीचा गुन्हा. आणि मास्तरांना म्हणाले, आजपासून तुम्ही मिशनचे कुणी नाही, पाट्या जमा करा. त्या फुटक्या पाट्याही साहेबांनी जीपमध्ये टाकून घेतल्या. याचा मला अजून संताप येतो. जगात कुणाच्या काय कामाच्या होत्या त्या?

आम्ही निघत होतो तेव्हा बसव्वा मास्तरांजवळ गेली. मी पाट्या मोजायच्या बहाण्यानं रेंगाळलो, म्हणून ऐकलं. ती म्हणाली, मास्तर, तीन सालं तुमच्याकडं शिकले, तुमचं पुस्तकबी वाचलं, पर तुमी ह्ये सगळं कशापायी करता ते कधी विचारलं न्हाय. आज विचारते.

अकरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघत हा माणूस उन्हातान्हात फिरला, तो प्रश्न समोर उभा राहिला. आणि मास्तर म्हणाले, "आज नको. आज मी रागात आहे. आज सांगितलं तर ते देवाचं राहायचं नाही, माझं होईल. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, मी आणि ड्रायव्हर जीपमधून निघालो. माझ्या मांडीवर नवी वही. माथ्यावर जुना मजकूर, रात्रीतून पुन्हा लिहिलेला. होय, मीच लिहिला. तामलवाडी सोडली की वाडीकडं जाणारी वाट दोन बांधांच्या मधून जाते, एक बैलगाडी मावेल एवढी. वळण घेतलं तर पुढं मास्तर चाललेले. रिकाम्या पाठीनं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मास्तर वळले नाहीत. पुन्हा वाजवला. साहेब म्हणाले, हात उचलू नको. त्यानं हॉर्न दाबून धरला, शेतातले होले उडाले, मेंढरं बावचळली, मास्तर त्याच चालीनं चालत राहिले. मुद्दाम, का आपल्याच नादात, मला आजही ठाऊक नाही. तीन मैल. तीन मैल ती सरकारी रंगाची, दांडगी जीप एका नोकरी गेलेल्या माणसाच्या मागं पायी चालली. इंजिन तापलं. साहेब तापले. मी वहीच्या कोपऱ्यावर नख घासत बसलो.

वाडीत पोचलो तर लिंबाखाली चूल पेटलेली, मोठ्या पातेल्यात दूध, आणि पोरं ओळीनं वाट्या चाटत बसलेली. सगळे डबे फोडलेले. साहेब खाली उतरून किंचाळले, कुणी फोडले. बसव्वा म्हणाली, म्या फोडले. तिचा नातू तिच्या मांडीवर झोपला होता, ओठाला पांढरी रेघ.

"वहीत आमीच लिवलं की, दूध मिळालं म्हनून," ती म्हणाली. "न पाजता ठिवलं असतं तर त्ये खोटं झालं असतं. म्हनून पाजलं." मग तिनं पदर सावरला. "आता द्यायचं-घ्यायचं काय न्हाय राहिलं, साहेब. आता बसा. काय सांगायचं हुतं तुमाला आमाला, त्ये सांगा."

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. पोरं, बाया, मिशावाला, सगळे साहेबांकडं बघत होते. साहेबांनी एकदा डब्यांकडं पाहिलं, एकदा माझ्या वहीकडं. मग म्हणाले, चला, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

बसव्वानं मान वळवली. मास्तर येऊन तिच्यासमोर मातीत बसले. सगळी वाडी त्यांच्याभोवती सरकली. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, मान खाली घातली आणि बोलायला सुरुवात केली. ओरडून नाही, हळू. इतक्या हळू की पुढची माणसं आणखी पुढं वाकली.

काय म्हणाले ते मला सांगता येत नाही. साहेबांनी इंजिन चालू करायला लावलं होतं, आणि मी जीपमध्ये होतो.